धनुष्याची दोरी आणि दहावीचे गणित

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



गणितातील शब्दांविषयी बोलण्यासाठी संयोजकांनी एका पत्रकाराला, तेही कला शाखेच्या पदवीधराला पाचारण केले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. गणित सोडवून दाखविण्याचा अधिकार माझा नाही. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे आणि एखादा शब्द भाषेत नसला म्हणजे केवढी अडचण होते, याचा प्रत्यय आपण सर्वांनी २०२० सालच्या मार्च-एप्रिलमध्ये घेतला आहे. त्या दिवसांत इंग्रजी वाहिन्यांवर ‘एक्स्पोनेन्शियल’ हा शब्द सतत कानी पडत होता. मराठीत त्याचे काय होत होते? रुग्णसंख्या ‘झपाट्याने’ वाढते आहे, ‘वेगाने’ वाढते आहे, ‘प्रचंड प्रमाणात’ वाढते आहे. हे तिन्ही शब्द भीती दाखवितात, पण समजावीत काहीच नाहीत. रोज शंभर रुग्ण वाढणे हीदेखील झपाट्याची वाढ होऊ शकते. महिनाभर तसे चालले तर शंभराचे तीन हजार शंभर होतील. परंतु दर तीन दिवसांनी संख्या दुप्पट होत असेल, तर त्याच तीस दिवसांत शंभराचे एक लाख दोन हजार चारशे होतात. पहिली वाढ बेरजेची, दुसरी गुणाकाराची. हा भेद ज्याच्या मनात ठसला, त्याला घरात थांबण्याचे कारण वेगळे सांगावे लागले नाही.

या दुसऱ्या वाढीला मराठीत शब्द आहे. घातांकी वाढ. ‘घात’ म्हणजे एखादी संख्या तिनेच पुन्हा पुन्हा गुणणे, आणि किती वेळा गुणायचे ते सांगणारा तो ‘घातांक’. आपल्या जुन्या गणितग्रंथांत गुणाकारालाच हनन, वध, घात असे शब्द आहेत, म्हणून हा शब्द आला. घातांक हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे, सातवी-आठवीतला मुलगा तो लिहितो. पण तो पुस्तकातून वर्तमानपत्रात आला नाही, वर्तमानपत्रातून घरात आला नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी जिभेवर आला नाही. माझे आजचे सारे म्हणणे या एका अंतराविषयी आहे.

आपल्या पूर्वजांना ही वाढ चांगलीच ठाऊक होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दान दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देत गेला. महिनाभरात एकूण दान किती झाले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत सांगायचे तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दोन कवड्यांनी सुरुवात करून महिनाअखेर लाखभर निष्क! आजच्या गृहिणीला चक्रवाढ व्याज समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. क्रेडिट कार्डाचे थकलेले देणे याच चालीने वाढते, आणि दरसाल आठ टक्क्यांनी ठेवलेली ठेव साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते तीही याच चालीने.

यापुढची गंमत अशी, की हे उत्तर काढण्यासाठी तीस वेळा दुप्पट करीत बसावे लागत नाही. रीत दिलेली आहे. तीस ही सम संख्या, तिची अर्धी पंधरा. तेथे ‘वर्ग’ असे लिहा. पंधरा विषम, त्यातून एक वजा करा. तेथे ‘गुण’ लिहा. असे शून्यापर्यंत या. मग शेवटच्या टोकाकडून उलटे निघा आणि ‘गुण’ लिहिले असेल तेथे दोनाने गुणा, ‘वर्ग’ लिहिले असेल तेथे वर्ग करा. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि एकदम १,०७,३७,४१,८२४. आठ पावलांत दोनाचा तिसावा घात हाती येतो. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की झाले दान. याच रीतीचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. लघु आणि गुरू अशी दोनच अक्षरे घेऊन आठ अक्षरांच्या चरणाचे किती प्रकार होतील, असा प्रश्न छंदःशास्त्रज्ञाला पडला होता. उत्तर दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६. काव्यशास्त्राच्या माणसाने घातांकाची रीत शोधावी, हे मला कला शाखेचा म्हणून जरा विशेष आवडते. आजच्या संगणकांत मोठे घात काढण्यासाठी मूलतः हीच युक्ती वापरतात.

आता घाताचा उलटा प्रश्न. दोनाला किती वेळा गुणले म्हणजे १०२४ येतील? दहा वेळा. हे ‘किती वेळा’ म्हणजेच इंग्रजीतील लॉगरिदम. हिंदीत त्याला ‘लघुगणक’ म्हणतात. ध्वनीही राखला आणि अर्थही थोडा साधला, अशी ती चतुर घडण आहे. मराठीत मात्र हा शब्द रुळला नाही, आपण ‘लॉग’च म्हणतो. ही कल्पना आपल्या परंपरेत आहे का? आहे, आणि तिचे श्रेय जैन आचार्य वीरसेनांना द्यावयास हवे. नवव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘धवला’ या टीकेत ‘अर्धच्छेद’ असा शब्द आहे. एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तीसचे पाच, चौसष्टचे सहा. तिनाने भागत गेलो तर त्रिकच्छेद, चाराने भागत गेलो तर चतुर्थच्छेद. दोन संख्यांच्या गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे त्या दोघींच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. शब्द किती पारदर्शक आहे पाहा. अर्थ विचारण्याची गरजच पडत नाही.

येथे एक सावधगिरी. या आधारावर काही उत्साही मंडळी ‘लॉगरिदमचा शोध आपणच लावला’ असे बोलतात आणि टाळ्याही घेतात. तसे बोलू नये. कल्पनेचे बीज वीरसेनांपाशी होते, पण त्या बीजावरून आकडेमोडीची सारणी तयार करणे हे काम स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने केले. त्याचा ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध झाला. ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि ‘अरिथ्मोस’ म्हणजे संख्या, असे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव त्यानेच घडविले. लंडनचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज पुढच्याच वर्षी त्याला भेटावयास एडिंबरोला गेला आणि दहा हा पाया धरून नवी सारणी करण्याचे त्या दोघांत ठरले. मोठमोठे गुणाकार बेरजेवर आले आणि ग्रहगणित करणाऱ्यांचे कष्ट एकदम हलके झाले. पुढील साडेतीनशे वर्षे लॉगची पुस्तिका अभियंत्यांच्या, खलाशांच्या आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही हातात राहिली. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी ती चाळलेली असेल.

पुस्तिका गेली, पण लॉग गेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. या सभागृहातील काही कार्यकर्ते त्या वेळी मदतकार्यास गेले असतील. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तो सुमारे ७.७ चा. वर्तमानपत्रात हे दोन आकडे शेजारी वाचणाऱ्याला वाटते, फरक दीडाचा, म्हणजे भुजचा भूकंप किल्लारीपेक्षा थोडा मोठा. वास्तविक या मोजपट्टीवर एक पायरी चढली की जमिनीच्या हादऱ्याची मात्रा दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. दीड पायरीला ऊर्जा जवळजवळ पावणेदोनशे पट! तरीही किल्लारी परिसरात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली, यावरून आपल्या घरांच्या बांधणीविषयी काय बोध घ्यावा, हे लॉग ठाऊक असणाऱ्याला अधिक तीव्रतेने कळते. आवाज मोजण्याचा डेसिबेल आणि आम्लता मोजण्याचा पीएच, हेही असेच पायऱ्यांचे आकडे आहेत.

आता मी माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. दहावीच्या मुलाला ‘साइन म्हणजे काय’ असे विचारले, तर तो ‘संमुख बाजू भागिले कर्ण’ असे अचूक सांगेल. पण ‘त्याला साइन का म्हणतात’ असे विचारा. तो गप्प बसेल, त्याचे वडील गप्प बसतील, आणि बहुधा त्याचे शिक्षकही विषय बदलतील.

याचे उत्तर एका धनुष्यात आहे. वर्तुळाचा एक तुकडा घ्या. तो वाकलेला तुकडा म्हणजे ‘चाप’, धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा म्हणजे ‘ज्या’, धनुष्याची दोरी. तिलाच ‘जीवा’ असेही म्हणत. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ‘शर’, बाण. धनुष्याचे टोक ती ‘कोटी’. कोदंडधारी रामाचे चित्र ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला हे चार शब्द शिकवावे लागत नाहीत, दाखवावे लागतात. ग्रीक ज्योतिर्विद पूर्ण दोरीच्या लांबीची कोष्टके करीत असत. आपल्या ज्योतिर्विदांनी दोरी मध्यावर दुभंगली आणि अर्ध्या दोरीचे कोष्टक केले. ही अर्धज्या काटकोन त्रिकोणात नेमकी बसते आणि गणित सोपे होते. पुढे ‘अर्ध’ गळून पडले आणि नुसती ‘ज्या’ उरली. जगभर आज वापरतात ते हेच अर्ध्या दोरीचे गणित.

आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ चा. ‘आर्यभटीय’ ग्रंथात त्याने आपले वय तेवीस असल्याचे सांगितले आहे, म्हणजे तो काळ ४९९ चा. पाव वर्तुळाचे चोवीस भाग करून प्रत्येक भागाच्या ज्येतील फरक त्याने अवघ्या एका श्लोकात बांधला. अक्षरांनाच अंकांचे मूल्य दिल्यामुळे हे शक्य झाले. २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे ते आकडे पुढे पुढे कमी होत जातात. या पहिल्या आठांची बेरीज करून पाहा. १७१९ येते. आठवा भाग म्हणजे तीस अंश, आणि आर्यभटाची त्रिज्या ३४३८. तिची बरोबर अर्धी १७१९! तीस अंशाचा साइन एक द्वितीयांश, हे जे आपण पाठ केले होते, ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका श्लोकात या रूपात बसलेले आहे.

या शब्दाचा पुढील प्रवास विलक्षण आहे. आठव्या शतकात आपले ज्योतिषग्रंथ बगदादला पोहोचले. अरबी भाषांतरकारांनी ‘जीवा’चा अनुवाद केला नाही, ध्वनी तसाच उचलला आणि ‘जीब’ लिहिले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येतात. जैब हा शब्द अरबीत आधीपासून होता. अर्थ, वस्त्राची छातीजवळील चूण. आपल्याकडे उर्दू-हिंदीतून परिचित असलेला ‘जेब’, म्हणजे खिसा, तो हाच शब्द. बाराव्या शतकात युरोपीय पंडित अरबी ग्रंथांचे लॅटिन करू लागले, तेव्हा त्यांनी जैब वाचले आणि चुणीसाठी लॅटिनमध्ये असलेला शब्द ठेवला, ‘सायनस’. त्याचे इंग्रजी रूप ‘साइन’. धनुष्याची दोरी निघाली आर्यभटाच्या देशातून, बगदादेत तिचा खिसा झाला, युरोपात तिला सुरकुती म्हणू लागले आणि इंग्रजांच्या शाळांतून ती परत आली तेव्हा आपण तिला ओळखले नाही.

मात्र अभिमानाच्या भरात याच्या पुढे एक पाऊल टाकण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘कोसाइन’ हा शब्द ‘कोटिज्या’वरून आला, असे व्याख्यानांतून ऐकू येते. तसे नाही. कोटिकोनाचा साइन, या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे लघुरूप एडमंड गंटरने १६२० च्या सुमारास रूढ केले. कल्पना दोन्हीकडे एक, उच्चाराचे साम्य योगायोगाचे. ‘ट्रिगोनॉमेट्री’ हेही ‘त्रिकोणमिती’चे भ्रष्ट रूप नव्हे, पिटिस्कस नावाच्या जर्मन पंडिताने १५९५ साली ग्रीक शब्दांवरून ते नाव दिले आणि आपला शब्द त्यानंतरचा. आणखी एक सांगतो, रागावू नका. आपला ‘केंद्र’ हा शब्द मूळचा ग्रीक, ‘केंट्रॉन’. ज्योतिषाबरोबर तो इकडे आला आणि असा रुळला की आता त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात निपुण असल्यामुळे ऋषींप्रमाणे पूज्य आहेत, असे वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मोकळेपणाने म्हटले आहे. ज्या समाजाला आत्मविश्वास असतो, तो देताना कृपण नसतो आणि घेताना लाजत नाही. आपल्या एका खऱ्या गोष्टीचे वजन आपल्याच दहा खोट्या गोष्टींनी कमी होते, हे आपल्या वक्त्यांनी ध्यानात ठेवावे.

मग या सगळ्याचे करायचे काय? साइनला ज्या म्हणा, लॉगला लघुगणक म्हणा आणि परीक्षेत तसेच लिहा, असा आग्रह मी धरणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले. ते रुजले, कारण लोकांना ते रोज उच्चारावे लागत होते. उलट डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून केवढे प्रचंड शब्दभांडार उभे केले! त्यातील पुष्कळसे कोशातच राहिले. दोष त्यांच्या विद्वत्तेचा नव्हता. ज्या वर्गात ते शब्द बोलले जावेत, तो वर्गच आपण उभा केला नाही. सावरकरांचाही आग्रह स्वकीय शब्द असताना परका न वापरण्याचा होता. परक्या वस्तूबरोबर येणारा, ज्याला आपल्याकडे प्रतिशब्दच नाही असा शब्द घेण्यास त्यांची ना नव्हती. चिन्हे जागतिक राहू द्यावीत. आपले अंक जगाने घेतले, त्यांची चिन्हे आपण घ्यावीत, यात कमीपणा कसला?

पण चिन्ह वेगळे आणि समज वेगळी. केरळात चौदाव्या शतकात संगमग्रामचा माधव होऊन गेला. ज्येचे मूल्य अनंत पदांच्या श्रेढीने काढण्याची रीत त्याच्या नावावर आहे. युरोपात ती न्यूटनच्या काळात, सतराव्या शतकात आली. माधवाच्या परंपरेतील या रीतींची उपपत्ती, म्हणजे ‘असे का’ याचे उत्तर, सविस्तर मांडणारा ग्रंथ म्हणजे ज्येष्ठदेवाची ‘युक्तिभाषा’. सोळाव्या शतकातला हा ग्रंथ संस्कृतात नाही, मल्याळममध्ये आहे. सूत्र पाठ करायला संस्कृत श्लोक उत्तम, पण कारण समजावून द्यायची वेळ आली तेव्हा त्या थोर पंडिताने घरची भाषा जवळ केली.

आपल्याकडे काय चालले आहे? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला, २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची वाट मोकळी झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू केला. आणि त्याच वेळी मराठी शाळांतून ‘सेमी’च्या नावाखाली गणित आणि विज्ञान हे दोनच विषय मराठीतून उचलून इंग्रजीत ठेवले गेले. म्हणजे कविता मराठीत, कारणमीमांसा इंग्रजीत! या सभागृहातील किती घरांतील मुले मराठी माध्यमात शिकतात, हे मी हात वर करून विचारणार नाही. इंग्रजी माध्यमाचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांची कारणेही मला ठाऊक आहेत आणि त्यांतील काही खरी आहेत. मी इतकेच सुचवितो, की मूल कोणत्याही माध्यमात असो, त्रिकोणमितीचा धडा सुरू होईल त्या दिवशी घरी एक कागद घ्या, धनुष्य काढा, दोरी ओढा, बाण लावा आणि कोणता शब्द कशाचा ते सांगा. चक्रवाढ व्याज आले की लीलावतीतल्या कवड्या मोजा. शिक्षक असणाऱ्यांनी हेच फळ्यावर करावे. दहा मिनिटे पुरतात. उन्नत कोन, अवनत कोन, कर्ण हे आपल्या पाठ्यपुस्तकातले शब्द किती सुरेख आहेत, हेही जाता जाता दाखवावे. आणि वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी ‘घातांकी वाढ’ हा शब्द बेधडक लिहावा; पहिल्या वेळी कंसात एक वाक्य खुलाशाचे द्यावे, दहाव्या वेळी त्याची गरज राहणार नाही.

चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि इ. स. १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळाले, असे त्यात कोरले आहे. वंशाची प्रशस्ती संस्कृतात आहे. मठाच्या खर्चासाठी पाटणच्या बाजारातील मालावरचे कोणते उत्पन्न लावून दिले, तो तपशील मात्र मराठीत आहे, कारण तो व्यापाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा होता. ज्ञानेश्वरीच्याही आधीची ती मराठी. गणिताच्या शाळेचा खर्च कोणी आणि कसा चालवायचा, ते तिच्यात लिहिलेले आहे. सुट्टीत मुलांना घेऊन तेथे अवश्य जा. पितळखोऱ्याची लेणीही त्याच भागात आहेत, दोन्ही एका सहलीत पाहून होतात.